डावा हात खिशात

मंगळवार, ७ जानेवारी

सुट्टीनंतरची पहिली पिस्तूल नेमबाजीची लीग. क्लबच्या तळघरातली गरम हवेची भट्टी आमच्या कॅप्टनने, ग्लेन राउशने, दुपारी पेटवली म्हणे, पण नेम धरेपर्यंत बोटं गारठलेलीच होती. तरी तीनशेपैकी दोनशे एकोणसत्तर. बरं आहे.

एमिल यानोश्को नेहमीप्रमाणे माझ्या शेजारच्या खणात. गोळ्या संपल्या की तारेवरून कागद मागे ओढायचे आणि शेजाऱ्याशी बदलायचे. त्याचे गुण मी मोजायचे, माझे त्याने, आणि खाली सही करायची. अकरा वर्षं माझ्या कागदांवर एमिलची सही आहे. हल्ली तो कागद नाकाला टेकवतो. भिंगही आणतो. "भोक रेषेला लागलंय का नाही लागलं?" असं स्वतःशीच पुटपुटतो आणि मग म्हणतो, "शंका आहे. शंका म्हणजे तुझा." नियमच तसा आहे, भोक रेषेला शिवलं तर आतला, जास्तीचा गुण; आणि शंका आली तर फायदा मारणाऱ्याला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्याच्या. पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया परवा.

त्याच्याही कागदावर दोन भोकं रेषेच्या अगदी जवळ होती. लागलेली नव्हती, पण जवळ होती. मी दिली. ज्याला समोरचं काळं वर्तुळ धुक्यातल्या गाईसारखं दिसतं, त्याच्याशी रेषेवरून काय भांडायचं?

डॅनेट म्हणून एक नवी मुलगी आली आहे, हॉस्पिटलात नर्स आहे. घाईच्या फेरीत तिचं पिस्तूल अडकलं. ती दुसऱ्या हाताने ते ठोकत बसली आणि वेळ संपली. एमिल लगेच तिच्या मागे जाऊन उभा.

"हात वर! पिस्तूल अडकलं की त्याला शिवायचं नाही. डावा हात वर करायचा आणि खांबासारखं उभं राहायचं. घराला आग लागली तरी आधी हात वर, मग पाण्याची बादली."

"मग काय होतं?"

"मग ग्लेन येऊन बघतो. दोष पिस्तुलाचा असला तर ती फेरी पुन्हा मारायला मिळते. हात वर नाही केलास, तर उरलेल्या गोळ्यांचं शून्य."

"पण डावा हात तर खिशात असतो ना?" बिचारीला एका हाताने मारायला आम्हीच शिकवलंय. दुसरा हात खिशात नसला तर तो हलतो आणि सगळं अंग हलवतो.

"खिशाला कुलूप नसतं, पोरी," एमिल म्हणाला.

जाताना ग्लेन म्हणाला, की जुलैच्या राष्ट्रीय स्पर्धेला क्लबचे चौघं मार्चच्या शेवटच्या तीन मंगळवारांवर ठरतील. ग्लेन आणि पॉल तर नक्कीच असतात. उरलेले दोघं अकरा वर्षं मी आणि एमिल. हे बोलताना ग्लेनचं लक्ष डॅनेटच्या कागदावर होतं.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुसराही डोळा झाला. मधल्या दोन्ही मंगळवारी भट्टी बंद पडल्यामुळे लीग नव्हती, म्हणजे एमिलचं काही बुडलं नाही. दोन्ही वेळा मीच त्याला नेलं-आणलं. त्याचा मुलगा अ‍ॅरिझोनात, आणि माझी गाडी रिकामीच असते.

आज तपासणीहून परत येताना तो खिडकीबाहेर बघत होता. दगडी चर्चच्या भिंतीवर म्हणे वेगवेगळे दगड आहेत. मग माझ्याकडे वळला आणि बराच वेळ बघत बसला.

"थेल्मा, तुझ्या भुवया पांढऱ्या कधी झाल्या?"

"तू आंधळा होतास तेव्हा."

"छान दिसतात."

घरी बहिणीला सांगितलं. इर्मा माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी आणि चाळीस वर्षांनी खवचट. म्हणाली, "तुला पहिल्यांदा नीट बघितलं, आणि तरी संध्याकाळी तू पोचलीस का विचारायला फोन केला. माणूस धीराचा आहे."

मंगळवार, २८ जानेवारी

दोनशे सत्तावन्न.

मी एमिलला दोनदा मोजायला लावलं. तो भिंगाशिवाय, कागद हातभर लांब धरून, वाण्यासारखा खणखणीत आवाजात मोजत होता. "नऊ. आठ. आठ. हा दहा नाही, थेल्मा, हा बघ, मधे फट दिसतेय." त्याचा आनंद बघवत नव्हता. मला मधली फट दिसत होतीच.

त्याचेही गुण उतरले. नवीन डोळ्यांची सवय व्हायची आहे. मी आज त्याला वरचं काही दिलं नाही. आता त्याला स्वतःला दिसतं, उगाच दिलेला गुण बघून त्याचा अपमान व्हायचा.

पण माझं काय झालं? बारा गुण. थंडी होती. दुपारी कॉफी जास्त झाली होती. एका दिवसावरून काही ठरवायचं नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

पिस्तूल उघडून साफ केलं. पुन्हा जोडल्यावर कानाशी धरून हलवलं. खुळखुळ झाली. वरचा सरकता भाग, स्लाइड, डावी-उजवीकडे हलतो. आधी हलत होता का? आठवत नाही. मी कधी हलवूनच बघितलं नव्हतं. चांगलं चाललेलं घड्याळ कोण हलवून बघतं?

पॉइंट फॉर्टी-फाइव्हचं हे पिस्तूल मी टपाल खात्यात लागल्यावर घेतलं. लष्कराच्या नेमबाजांसाठी काम केलेल्या एका म्हाताऱ्याच्या हातचं. नेम धरायला पुढची माशी, मागची खाच, बाकी काही नाही. मुठीवरचं अक्रोडाचं लाकूड माझ्या तळव्याखाली गुळगुळीत झालंय. म्हणजे झिजलंय. मग आतलंही झिजलं नसेल कशावरून?

इर्मा स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्याला ढेकर काढतेयस का?"

मंगळवार, ४ फेब्रुवारी

दोनशे अठ्ठावन्न. डॅनेट दोनशे चौसष्ट, आणि ती वर्षभरसुद्धा मारत नाहीये. ग्लेनने तिच्या पाठीवर थाप मारली. मी पण मारली. माझी जरा जोरात बसली असेल.

जुलैतला तो राष्ट्रीय स्पर्धेचा आठवडा नसेल, तर माझं वर्ष कशावर टेकणार, हे मला खरोखर ठाऊक नाही. तीस वर्षं टपाल वाटलं, तेव्हा रोज कोणीतरी वाट बघायचं, निदान कुत्रे तरी. आता फेब्रुवारीत मी तिथल्या सरोवराचा वारा आठवते, पहाटे रेंजवर ओळीने उभी राहणारी माणसं आठवते, आणि दिवस निघतो. चौघांत नसले तर प्रेक्षक म्हणून जाता येईल. लोक जातात. मला ते जमायचं नाही.

शनिवार, ८ फेब्रुवारी

लॉइड पिफरकडे गेले. दोन डोंगर पलीकडे, जुन्या दूधसंकलन केंद्रात त्याचं दुकान. आमच्या भागातली निम्मी पिस्तुलं त्याच्या हाताखालून गेली आहेत. त्याने माझं पिस्तूल घेतलं, हलवलं, आणि डॉक्टर करतात तसा 'हं' केला.

"सांग. काय झालंय त्याला?"

"झालं काही नाही. वय झालंय. तुझं-माझं झालंय तसं." आणि मग जो सुटला तो सुटला. नवीन नळी, हाताने बसवलेली. स्लाइडच्या कडांवर वेल्डिंगने भर घालून त्या पुन्हा घासायच्या, म्हणजे खुळखुळ बंद. चाप हलका आणि स्वच्छ. मुठीच्या पुढच्या बाजूला बारीक चौकड्या कोरायच्या, म्हणजे घामात सटकत नाही. आणि माशी-खाच काढून टाकून वर भोकं पाडून लाल ठिपक्याची दुर्बीण बसवायची.

"भोकं पाडल्यावर परत बुजवता येतात?"

"कशाला बुजवायची? परत कोणाला जायचंय माशी-खाचेवर? थेल्मा, तू एकटीच उरलीस. डायनोसॉर पण दुर्बीण लावून मारतात आता."

"आणि नको वाटलं तर?"

"मग भोकं असलेलं पिस्तूल राहील तुझ्याकडे."

खर्च ऐकून मी खुर्चीत बसले. घराची भट्टी बदलायला जेवढे लागतात तेवढे. पण खरी भीती पैशांची नाही. त्या म्हाताऱ्याने जे घासून बसवलंय, त्यावर एकदा वेल्डिंग झालं की ते गेलं. चुकलं तर मागे जायला रस्ता नाही. आणि नाही केलं, तर जुलै गेला.

बावीस तारखेला सकाळी आणून दिलं तर आठ मार्चला परत देतो म्हणाला. निवडीच्या मंगळवारांआधी. पुढच्या शनिवारी आधी लोखंडी शिकंज्यात आवळून चाचणी घेऊ म्हणाला, म्हणजे किती बिघडलंय ते कळेल.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

दोनशे छप्पन्न.

कॉफी ओतताना एमिलने विचारलं, "लॉइडचा फोन नंबर आहे का गं तुझ्याकडे?"

"कशाला?"

"असंच."

मी दिला. मी लॉइडकडे जाऊन आले हे त्याला सांगितलं नाही. माझं पिस्तूल ढिलं झालंय हे कळलं तर तो ग्लेनला सांगेल असं नाही. पण तो माझी काळजी करायला लागेल, आणि ते मला आवडत नाही. माझ्यासाठीच तर नंबर मागत नसेल?

शनिवार, १५ फेब्रुवारी

लॉइडच्या दुकानामागे पन्नास यार्डांची मोकळी जागा आहे. तिथे काँक्रीटच्या ठोकळ्यावर लोखंडी शिकंजा. त्यात पिस्तूल आवळायचं आणि दांडी ओढून मारायचं. माणसाचा हात लागतच नाही. मी कानांवर झाकणं लावून मागे उभी राहिले. 

दहा गोळ्या. लॉइड कागद घेऊन आला, आणि त्याने बोलता बोलता हातातला कॉफीचा कप त्यावर ठेवला. सगळी भोकं कपाच्या तळाखाली गेली.

"म्हणजे?"

"म्हणजे म्हाताऱ्याने काम चोख केलं होतं. खुळखुळतं ते खुळखुळतं, पण मारतं तिथेच मारतं."

"मग दुरुस्त काय करायचं?"

"चांगलं आहे, म्हणजे आणखी चांगलं होऊ शकतं!" लॉइडचा चेहरा उजळला. "बिघडलेलं काय, कोणीही सुधारेल."

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटा वाजली. एमिल. हातात पिस्तुलाची पेटी. मला बघून त्याने ती पाठीमागे लपवली, पोरं सिगारेट लपवतात तशी.

"तू इथे काय करतेस?"

"तू काय करतोस?"

"मी इथून चाललो होतो."

"इथून कुठे जातं कोणी? पुढे रस्ता संपतो."

शेवटी त्याने पेटी टेबलावर ठेवली. त्याचेही गुण बसलेत म्हणे, डोळे सुधारूनसुद्धा. म्हणजे पिस्तूलच गेलं असणार. लॉइडने त्याचंही शिकंज्यात लावलं, आणि त्याचीही भोकं कपाखाली गेली. एमिलला ते पटलं नाही. चाप हलका करून दे, सगळ्या स्प्रिंगा नव्या घाल, असं सांगून पिस्तूल ठेवून गेला. ते येईपर्यंत मुलाच्या जुन्या पिस्तुलावर भागवणार आहे. मी माझं परत घेऊन आले. बावीसपर्यंत मुदत आहे.

पिस्तूल ठीक आहे. मग उरलं कोण?

सोमवार, १७ फेब्रुवारी

टोमॅटो सुपाचा डबा हात लांब करून धरला आणि आरशासमोर उभी राहिले. डबा हलतो. थोडा हलतो. किती हलला म्हणजे जास्त? पंचविशीत किती हलत होता, कोणाला माहीत?

इर्मा दारात. "सूप कोणाला मारतेस?"

"हात बघतेय."

"हात जागेवर आहे. डबा दे, जेवायची वेळ झाली."

आईचा हात पासष्टीला थरथरायला लागला होता. मी त्रेसष्ट. हे इर्माला बोलून दाखवलं नाही. ती सदुसष्टची आहे आणि सुईत दोरा एका झटक्यात ओवते.

मनाशी ठरवलंय. हात जाणारच असेल, तर पिस्तुलाने तरी साथ द्यायला हवी. हलका चाप, चौकड्या, लाल ठिपका, सगळं करून घ्यायचं. भोकं तर भोकं. बावीसला नेऊन देणार.

ठरवल्यावर झोप लागायला हवी होती.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

पिस्तूल पेटीत भरून दाराशी ठेवलं आणि क्लबच्या जेवणाला गेले. दरवर्षीचं हरणाचं मांस, कोबी घालून लोण्यात परतलेल्या शेवया, आणि पॉलच्या बायकोचा केक, जो कोणी खात नाही आणि सगळे मागून घेतात.  सकाळी लॉइडकडे जायचं, एवढंच डोक्यात.

कॉफीच्या भांड्याशेजारच्या भिंतीवर चौकटीत माझा एक कागद लावलेला आहे. दोन वर्षांपूर्वीचा, दोनशे त्र्याऐंशीचा. क्लबातल्या बायकांत तेवढे कोणाचे नाहीत. एमिल ताट घेऊन त्याच्यासमोर उभा होता. बराच वेळ उभा होता. शेवया गार झाल्या असतील.

"थेल्मा, इकडे ये. हा कोणी तपासला?"

"खाली सही बघ."

"बघितली. म्हणून तर विचारतोय." त्याने काट्याने काचेवर टकटक केलं. "हा दहा आहे?"

मी बघितलं. दोन वर्षं मी त्या कागदावरून जाता-येता फक्त आकडा वाचत होते. भोकं पुन्हा कधी बघितलीच नव्हती.

"नऊ," मी म्हटलं.

"आणि हा?"

"नऊ. तो पलीकडचा आठ."

एमिलने ताट खाली ठेवलं. "मला रेषा दिसतच नव्हती गं. रेषा आणि भोक, दोन्ही एकच काळं. शंका आली की तुझा. मला वाटायचं, एखाददुसरी शंका असेल. प्रत्येक कागदावर डझनभर शंका येत होत्या, ते मला कुठे ठाऊक?"

"तीन आठवडे मी पिस्तूल कानाशी हलवत बसलेय, एमिल! उद्या सकाळी त्याला भोकं पाडायला नेणार होते!"

"आणि मी? माझं तर उघडून ठेवलंय लॉइडने. तुझं निदान कळलं तरी. माझे गुण का उतरले, देव जाणे. आता तर मला दिसतं!"

त्यावर मी काय बोलायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. मी केक मागून घेतला.

त्याने ग्लेनला बोलावून सगळं सांगितलं, जरा मोठ्यानेच, आणि चौकट उतरवायला लावली. ग्लेन म्हणाला राहू दे, एमिल म्हणाला नाही. मग एमिलनेच सुचवलं, की यापुढे आमचे दोघांचे कागद ग्लेनने मोजावेत, पितळी गेज, म्हणजे मापाची खुंटी, भोकात घालून. भिंतीवर आता फिकट चौकोन आहे.

म्हणजे मी बिघडले नाही. मी आधीपासूनच एवढीच होते. याने बरं वाटायला हवं का वाईट, हे जेवण संपेपर्यंत ठरलं नाही.

शनिवार, २२ फेब्रुवारी

लॉइडला फोन केला. नळी नको, वेल्डिंग नको, भोकं नकोत.

"चाप तरी?"

"नको. मुठीचं लाकूड जिथे झिजलंय तिथे जरा भर घालून दे. बस्स."

"खाटकाकडे येऊन कोथिंबीर मागतेस, थेल्मा."

मग मी विचारलं, एमिलचं काम थांबवता येईल का? म्हणाला, कालच झालं. चाप लोण्यासारखा केलाय आणि स्प्रिंगा सगळ्या नव्या, दोनेकशे गोळ्या गेल्या की बसतील जागेवर.

एमिलला दिसत नव्हतं, म्हणून त्याने गुण दिले. मला दिसत होतं.

शुक्रवार, ७ मार्च

ईस्टरआधीच्या उपासातला पहिला शुक्रवार, म्हणजे मांस वर्ज्य. एमिल, इर्मा आणि मी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला गेलो. एमिल सहज म्हणाला, "घरी माझे जुने कागद निघाले. तुझ्या सहीचे."

"हो का?"

"तुझे डोळे चांगले आहेत ना गं?"

"एमिल, मासा गार होतोय."

तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या घशात काटा गेला आणि इर्माने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. तिचा गुद्दा टपालाच्या पोत्यासारखा बसतो. काटा निघाला, पण विषय तिथेच राहिला. पुन्हा निघाला तर सांगून टाकेन असं ठरवलंय. तो काही काढत नाही.

मंगळवार, ११ मार्च

निवडीचा पहिला दिवस. ग्लेनने गेज घालून मोजलं. डॅनेट पुढे, एक जागा आता तिचीच म्हणायची. म्हणजे उरली एक, आणि आम्ही दोघं. एमिल माझ्या दोन गुणांनी पुढे. लॉइडने भरलेली मूठ मात्र हातात बसते.

मंगळवार, १८ मार्च

एमिल आता एकूण पाच गुणांनी पुढे. त्याला खरंच दिसतं आता. मधे एकदा त्याचं पिस्तूल अडकलं. त्याने हात वर केला, ग्लेनने बघितलं, त्याने फेरी पुन्हा मारली. नवी स्प्रिंग अजून कडक आहे म्हणाला.

मी त्याचं अभिनंदन करायचा सराव गाडीत केला. दोनदा जमलं. तिसऱ्यांदा वळण चुकलं.

सोमवार, २४ मार्च

एमिलचा फोन. उद्या कसं वाटतंय म्हणाला. मी म्हटलं, तू जाणार, मी काय वाटून घेऊ?  मग म्हणाला, "नाही निवडलं तर जुलैत काय करशील?"

"काही नाही. टोमॅटो लावेन."

"तुला टोमॅटो आवडत नाहीत."

"म्हणूनच."

 मग बर्फ वितळतंय वगैरे बोलला आणि फोन ठेवला.

बुधवार, २६ मार्च

काल रात्री लिहिलं नाही. आता सकाळ आहे, इर्मा पाव भाजतेय.

संथ फेरी आणि मधली फेरी झाली तेव्हा मी एमिलच्या एकूण सहा गुणांनी मागे होते. शेवटी घाईची फेरी, पाच-पाच गोळ्या दोनदा. पहिल्या पाच दोघांच्याही चांगल्या गेल्या. दुसऱ्या वेळी मी पाचवी मारली आणि पिस्तूल खाली घेतलं, तेव्हा जाणवलं की शेजारच्या खणातून आवाज कमी आले. तिकडे बघितलं. एमिलची स्लाइड अर्ध्यावर अडकली होती, वर गोळी तिरकी. त्याच्या दोन गोळ्या शिल्लक होत्या.

ग्लेनने नेहमीप्रमाणे मोठ्याने विचारलं, "कोणाची काही अडचण?"

एमिल समोर बघत उभा. मी वाट बघत होते. डॅनेटही त्याच्याकडे बघत होती, डोळे मोठे करून. ग्लेनने पुन्हा विचारलं, तो दोनदा सहसा विचारत नाही. मी तोंड उघडलं, पण दुसऱ्याच्या पिस्तुलाबद्दल बोलायचं नसतं, ज्याचं त्यानेच हात वर करायचा असतो. एमिलचा डावा हात खिशातच होता.

"रेंज बंद," ग्लेन म्हणाला.

दोन शून्यं. चौथी जागा माझी.

वर आल्यावर मी त्याला कोपऱ्यात घेतलं. "हात का नाही वर केलास? सगळ्या जगाला शिकवत फिरतोस!"

"विचारलं का ग्लेनने? ऐकूच आलं नाही गं. कानात बोळे, वर झाकणं."

"दोनदा विचारलं!"

"बघ ना. म्हातारा झालो." आणि केक घ्यायला गेला. जुलैत बरोबर येणार म्हणाला, मारायला नाही, माझ्यामागे बसून दुर्बिणीतून भोकं बघून सांगायला. नवे डोळे कुठेतरी वापरायला हवेत ना, म्हणाला.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, खूप झाला. पण घरी येईपर्यंत एमिलच्या कानांची काळजी लागून राहिली. आधी डोळे, आता कान. एकटा राहतो, दाराची घंटा ऐकू आली नाही तर? आत्ता इर्माला विचारलं, तुझ्या त्या कानाच्या डॉक्टरचा नंबर कुठाय?

तिने पाव भाजायचा थांबवला. "थेल्मा, काय काय झालं ते पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. 

"कानाचा डॉक्टर राहू दे," ती म्हणाली. "त्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर आहे ना तुझ्याकडे? तिथे जा. तुझ्यासाठी."

काहीही बोलते. माझे डोळे गेल्या वर्षीच तपासून झालेत.

एक लिहायचं राहिलं. रेंज बंद झाल्यावर एमिलने हात खिशातून काढला, तेव्हा मूठ गच्च आवळलेली होती, बोटांची पेरं पांढरी पडलेली. तळघरात गारठा असतोच. इर्माला सांगून त्याच्यासाठी एक हातमोजा विणून घेते. डाव्या हाताचा.